वैद्यकीय पदवीग्रहण समारंभाची तयारी : मराठवाड्यातील अनुभव आणि सूचना हव्या आहेत

गोदातीर

नमस्कार. मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात माझी आंतरवासिता (इंटर्नशिप) आता संपत आली आहे. आमच्या दीडशे जणांच्या बॅचचा पदवीग्रहण समारंभ ज्या समितीकडे सोपवला आहे, तिची मी सचिव आहे. अधिष्ठात्यांनी (डीननी) सभागृह, ध्वनिव्यवस्था आणि जनरेटर देण्याचे मान्य केले आहे. उरलेला खर्च वर्गणीतून भागवायचा आहे. सभागृहात साधारण पाचशे खुर्च्या आहेत आणि तारीख एप्रिलमधली निघेल असे दिसते.

आतापर्यंतच्या बैठकांमध्ये गाऊनचा रंग आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव यापलीकडे चर्चा सरकलेली नाही. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील खेड्यांतून येणार आहेत आणि त्यांतील अनेकांनी प्रवेशाच्या दिवसानंतर हे महाविद्यालय पाहिलेलेही नाही. ज्यांनी असे समारंभ पार पाडले आहेत किंवा पालक म्हणून अनुभवले आहेत, त्यांनी कार्यक्रमाची वेळ, पोशाख, शपथ आणि बैठकव्यवस्था यांविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना घाटीकर

प्रथम अभिनंदन. एक गोष्ट सुरुवातीलाच समितीपुढे स्पष्ट मांडा, म्हणजे पुढचे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. तुमची पदवी महाविद्यालय देत नाही. ती नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते, आणि त्या विद्यापीठाचा दीक्षांत समारंभ स्वतंत्रपणे होतो, ज्याचे कुलपती राज्यपाल असतात. तिथे व्यासपीठावर जाण्याचा मान प्रामुख्याने सुवर्णपदकाच्या मानकऱ्यांना आणि पीएच.डी. मिळवणाऱ्यांना लाभतो, बाकीच्या हजारो विद्यार्थ्यांच्या हाती प्रमाणपत्र यथावकाश पडते. अभिमत विद्यापीठांची रीत वेगळी आहे, परंतु शासकीय महाविद्यालयात तुम्ही जो कार्यक्रम करता त्यात मिळणारी रिबीन बांधलेली सुरळी ही केवळ आठवण असते. तिच्यावर वैद्यक परिषदेत नोंदणी होत नाही.

हे मी समारंभाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. कायद्याची चौकट नसल्यामुळे या दिवशी कोणाला बोलवायचे, कोणाला पुढे बसवायचे आणि किती वेळ कशाला द्यायचा, हे ठरवायला तुम्ही पूर्णपणे मोकळे आहात. दुर्दैवाने बहुतेक समित्या ते स्वातंत्र्य वापरण्याऐवजी मोठ्या शहरातल्या कार्यक्रमाची नक्कल करतात.

थोडे विषयांतर करतो. १९५६ साली औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यापूर्वी आपल्याकडच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. आम्ही घाटीत, म्हणजे याच महाविद्यालयात, शिकलो तेव्हा पदवी मराठवाडा विद्यापीठाची असे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. आमच्या वेळी असा समारंभच नव्हता. कार्यालयाच्या खिडकीतून प्रमाणपत्र मिळाले, वहीत सही केली आणि बाहेर येऊन चहा घेतला. आमच्या घरच्यांनी तो कागद पाहिला तो चौकट करून भिंतीवर टांगल्यावरच. त्यामुळे समारंभ झालाच पाहिजे, या मताचा मी आहे.

बालाघाट

मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असून पुढे नोकरीच्या निमित्ताने दोन-तीन ठिकाणी अशा समारंभांच्या संयोजनात होतो. माझा भर वेळेच्या हिशेबावर आहे, कारण सगळा कार्यक्रम तिथेच फसतो.

एका विद्यार्थ्याचे नाव पुकारणे, त्याने पायऱ्या चढणे, प्रमाणपत्र घेणे, छायाचित्रासाठी थांबणे आणि उतरणे याला चाळीस सेकंद लागतात असे धरले, तरी दीडशे जणांना शंभर मिनिटे लागतात. त्यात दीपप्रज्वलन, राज्यगीत, स्वागतगीत, प्रास्ताविक, सात-आठ मान्यवरांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार, तितकीच भाषणे आणि आभारप्रदर्शन मिळवा, म्हणजे साडेतीन तासांचा कार्यक्रम होतो, आणि विद्यार्थ्यांची नावे शेवटच्या तासात, लोक उठू लागल्यावर, घाईघाईने वाचली जातात. शाल-श्रीफळाचा एक सत्कार कागदावर एका मिनिटाचा असतो. प्रत्यक्षात निवेदकाने नाव घेणे, सत्कार करणाऱ्याने खुर्चीतून उठणे, शाल उलगडणे, नारळ हातात देणे आणि कॅमेऱ्याकडे वळणे यात अडीच मिनिटे जातात. कोणीही घड्याळ लावून पाहावे.

म्हणून क्रम उलटा करावा. राज्यगीत, पाच मिनिटांचे प्रास्ताविक आणि लगेच पदवीग्रहण. पायरीपाशी पुढचे पाच विद्यार्थी आधीच उभे असावेत, चढण्याची आणि उतरण्याची बाजू वेगळी असावी, आणि प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहून निवेदकाच्या हाती द्यावी. इंग्रजी यादीवरून वाचताना आपल्याकडच्या आडनावांचे जे हाल होतात, ते मी सांगायला नको. अशा शिस्तीने चाळीस सेकंदांचे पंचवीस होतात आणि तासाभराच्या थोडे पुढेमागे सगळी बॅच व्यासपीठावरून जाऊन येते. भाषणे त्यानंतर होऊ द्यावीत. ज्याचे भाषण ऐकण्यासारखे असेल त्याला श्रोते मिळतील.

आणखी एक. नाव पुकारताना आईचे नावही घ्यावे. अलीकडच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावणे राज्य शासनाने आता बंधनकारक केलेच आहे. तुमची पिढी त्या नियमात बसत नसली, तरी तुम्हाला कोणी अडवलेले नाही.

शिवारातून

मी शेतकरी आहे. माझी मुलगी अलीकडेच डॉक्टर झाली. कोणत्या महाविद्यालयातून, हे लिहीत नाही, कारण तिचे शिक्षक चांगले होते. पालक म्हणून जे पाहिले ते सांगतो.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता आणि पाहुणे आल्यावर सुरू झाला साडेसातला. पुढच्या सहा रांगांवर मान्यवरांसाठी राखीव असे कागद चिकटवले होते आणि त्यांतल्या निम्म्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. आम्हाला मागे जागा मिळाली. समोर छायाचित्रकार आणि चित्रीकरण करणारे उभे असल्यामुळे मुलगी व्यासपीठावर गेली ती मला शेजारच्या माणसाच्या मोबाइलमध्ये दिसली. माझ्या पत्नीने सकाळी उठून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, कारण मुलीला वसतिगृहात पाच वर्षे ते मिळाले नव्हते. डबा आत नेता येणार नाही म्हणून तो दारावरच्या टेबलाखाली ठेवून घेतला गेला. परत आलो तेव्हा तिथे तसले वीस-पंचवीस डबे एकावर एक रचलेले होते आणि आमचा कोणता, हे झाकण उघडूनच ओळखावे लागले.

आमच्या तालुक्याहून गावाकडे जाणारी मुक्कामी गाडी संध्याकाळी सातला सुटते. ती अर्थातच गेली. रात्र बसस्थानकावर काढली, त्याचे दुःख नाही. परंतु कार्यक्रम सकाळी ठेवला असता तर आमच्यासारखी पन्नास कुटुंबे त्याच दिवशी घरी पोहोचली असती. गाऊन काळा असावा की पांढरा, याविषयी मला काही म्हणायचे नाही. आम्ही कुठे बसायचे आणि परत कसे जायचे, एवढे तुमच्या समितीने आधी ठरवावे.

गोदातीर

काका, आपला प्रतिसाद मी आजच्या बैठकीत शब्दशः वाचून दाखवला. संध्याकाळच्या रोषणाईचा आग्रह धरणाऱ्या मुलांनी त्यानंतर फारसा वाद घातला नाही.

हिमरूवेडी

सकाळची वेळ एप्रिलच्या उन्हाच्या दृष्टीनेही योग्य आहे. मराठवाड्यात त्या दिवसांत पारा चाळीस अंशांवर जातो आणि पॉलिस्टरचा काळा गाऊन घालून दोन तास बसणे, ही जवळपास शिक्षा असते. मुळात हा पोशाख मध्ययुगीन युरोपातील थंड हवेच्या विद्यापीठांत रुजला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली विद्यापीठांना दीक्षांत समारंभासाठी हातमागाचे वस्त्र वापरण्याचे सुचवले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून स्थानिक परंपरेवर आधारित पोशाख ठरवण्यास सांगितले. ती सूचना केंद्रीय संस्थांपुरती आहे, राज्याच्या महाविद्यालयांना ती लागू होत नाही. तरीही अधिष्ठात्यांपुढे प्रस्ताव ठेवताना तिचा दाखला उपयोगी पडेल.

पांढरी साडी किंवा सदरा आणि त्यावर उत्तरीय, एवढे पुरेसे आहे. उत्तरीयासाठी आपल्याच भागात दोन पर्याय आहेत. एक हिमरू, जे सूत आणि रेशीम एकत्र विणून केले जाते आणि ज्याची परंपरा चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापर्यंत मागे नेली जाते. मात्र हातमागावर हिमरू विणणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. दीडशे उत्तरीये महिनाभरात मागितलीत तर यंत्रमागावरची नक्कल तुमच्या गळ्यात पडेल, शब्दशः. दुसरा पर्याय खादीचा. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, हे अनेकांना ठाऊक असेल. साध्या पांढऱ्या खादीला रंगीत काठ लावून घेतला, तर खर्च आणि वेळ दोन्ही आवाक्यात राहतात, आणि गाऊन भाड्याने आणून दुसऱ्या दिवशी मोजून परत करण्याची कटकटही राहत नाही.

पांढरा ॲप्रन

हिमरूवेडी ताईंचे म्हणणे तात्त्विकदृष्ट्या पटते, पण मी गाऊनच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण सांगतो. माझ्या घरात शिकलेले असे माझ्याआधी कोणी नव्हते. माझ्या आईने काळा गाऊन आणि चौकोनी टोपी दूरचित्रवाणीवर पाहिली होती, आणि आपला मुलगा त्या वेशात दिसावा, ही तिची साधी इच्छा होती. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर आहेत, त्यांना तो वेश वसाहतवादी वाटू शकतो. ज्यांच्या घरात तो पहिल्यांदाच येतो आहे, त्यांच्यावर हा विचार लादू नये.

हिमरूवेडी

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. छायाचित्रापुरते दहा-बारा गाऊन भाड्याने आणून एका कोपऱ्यात ठेवता येतील. ज्याला हवे त्याने आईवडिलांसह छायाचित्र काढून घ्यावे.

विष्णुपुरीचा पूल

शपथेविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली चरक शपथेची शिफारस केली, ती वैद्यकीय शिक्षणात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी होती. त्यावरून तमिळनाडूत मोठा वादही झाला. पदवीच्या वेळी कोणती शपथ घ्यायची, याचा निर्णय तुम्हाला करता येईल. जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनिव्हा प्रतिज्ञा १९४८ सालची असून २०१७ साली तिच्यात महत्त्वाची सुधारणा झाली. रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर हा मुद्दा तिच्यात आला आणि डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याचीही काळजी घ्यावी, असे वचनही आले. छत्तीस तासांची सलग ड्यूटी करून समारंभाला बसलेल्या मुलांनी ते वचन मोठ्याने म्हणावे, असे मला मनापासून वाटते.

सूचना इतकीच की, शपथ मराठीत घ्यावी किंवा निदान इंग्रजीनंतर मराठीत एकदा वाचावी. वय, धर्म, वंश, लिंग, राजकीय मत किंवा सामाजिक स्थान यांपैकी कशालाही मी माझ्या आणि रुग्णाच्या मध्ये येऊ देणार नाही, या आशयाचे जे वचन त्यात आहे, ते सभागृहातल्या सर्व पालकांना कळले पाहिजे, कारण रुग्ण तेच आहेत. मराठी मसुदा भाषेच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावा. भाषांतर यंत्राकडे सोपवू नये. निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला तो मोठ्या अक्षरांत छापला, तर वेगळा कागदही लागणार नाही. शपथ देणाऱ्याने एका वेळी सहा-सात शब्दांपेक्षा जास्त म्हणू नये, नाहीतर मागच्या रांगांमध्ये नुसती गुणगुण होते.

पांढरा ॲप्रन

वर्गणी कमी पडते तेव्हा एखाद्या औषध कंपनीचा प्रतिनिधी मदतीला तयार असतोच. आमच्या बॅचने तो मार्ग पत्करला होता आणि व्यासपीठाच्या पाठीमागे एका आम्लपित्ताच्या गोळीचे नाव आमच्या बॅचच्या नावापेक्षा मोठे होते. यावर इतरांचे मत काय आहे?

जुना घाटीकर

माझे मत अगदी कठोर आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२ सालचे विनियम आहेत आणि त्यांत डिसेंबर २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार स्वीकारण्यावर बंधने घातली. ज्या दिवशी तुम्ही शपथ घेता, त्याच दिवशी जेवण कंपनीच्या पैशाने होणार असेल, तर शपथ घेऊ तरी नये. पैसे कमी असतील तर पुष्पगुच्छ काढून टाका, बॅनर लहान करा, जेवण साधे ठेवा. पदव्युत्तर परीक्षेच्या शिकवणीवर्गांचे फलकही मला नकोच वाटतात, पण तिथे मी वाद घालणार नाही.

वर्गणीबाबत एक पथ्य पाळावे. कोणी किती दिले, याची यादी व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. ज्यांना शक्य नाही ते विचारायला येत नाहीत. ते त्या दिवशी सरळ गैरहजर राहतात.

बालाघाट

जेवणाचा विषय निघालाच आहे, तर तीन-चार मिठायांची बुफे पद्धत टाळावी. भाकरी, येसर आमटी, एखादी भाजी, भात आणि गोडाचा एक पदार्थ, एवढ्यावर पंगत उत्तम होते. सावलीत बसायला जागा आणि पिण्याचे पाणी मुबलक असावे. जेवण बाराच्या ठोक्याला सुरू झाले, तर दूरचे लोक दोनपर्यंत बसस्थानकावर पोहोचतात.

तारीख ठरवताना दाट लग्नतिथी आणि १४ एप्रिल हे दिवस पाहून घ्यावेत. दाट तिथीच्या दिवशी एसटीत उभे राहायला जागा मिळत नाही आणि शहरात मंडपवालाही मिळत नाही.

वॉर्ड क्रमांक सात

मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. या समारंभांना आम्हाला बोलावणे येते, परंतु ते फलकावर लावलेल्या सूचनेच्या रूपात येते. इंजेक्शनची सुई कशी धरावी, नातेवाईक अंगावर धावून आले तर कुठे उभे राहावे, मृत्यूची बातमी सांगण्यापूर्वी रुग्णाच्या नातेवाइकांना आधी बसायला लावावे, या गोष्टी तुमच्यातल्या बहुतेकांना परिचारिकांनी आणि वॉर्डातल्या मामा-मावशींनी शिकवल्या आहेत. शिक्षकदिनी त्यांची आठवण निघत नाही, निदान या दिवशी निघावी. प्रत्येक विभागातून एका मामांना किंवा मावशींना त्यांच्या पाळीनुसार मोकळे करून घ्या. त्यासाठी मेट्रनबाईंना पंधरा दिवस आधी लेखी पत्र द्यावे लागते. आदल्या दिवशी तोंडी सांगून पाळ्या बदलत नाहीत. सत्कार वगैरे करू नका, त्यांना संकोच होतो. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या द्या.

समारंभाच्या वेळी अपघात विभाग आणि प्रसूतिकक्ष चालूच असतात, हेही समितीने लक्षात घ्यावे. जे आंतरवासी त्या सकाळी ड्यूटीवर आहेत त्यांची नावे सर्वांत आधी पुकारावीत, म्हणजे ते प्रमाणपत्र घेऊन परत जाऊ शकतील.

विष्णुपुरीचा पूल

सिस्टर, आपल्या सूचनेला जोडून आणखी एक निमंत्रण सुचवतो. २०२१ च्या आंतरवासिता विनियमांनुसार प्रत्येकाने सामुदायिक वैद्यकशास्त्राचे बारा आठवडे केलेले असतात. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत ते गेले, तिथल्या आशाताईंना आणि आरोग्यसेविकांना दोन ओळींचे पत्र पाठवावे. त्यांच्याबरोबर घरोघर फिरल्यामुळेच अनेकांना क्षयरोगाचा रुग्ण औषध मध्येच का सोडतो, हे पहिल्यांदा कळते. तसेच शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाची नोंद असते. पहिल्या वर्षी ज्या देहांवर तुम्ही शिकलात, त्यांपैकी ज्यांचे कुटुंबीय येऊ इच्छितात त्यांना विभागप्रमुखांमार्फत विचारावे. थेट संपर्क साधू नये आणि व्यासपीठावरून नावे जाहीर करू नयेत. काही घरांत देहदानावरून मोठे मतभेद झालेले असतात. एक मिनिट उभे राहून कृतज्ञता व्यक्त केली, तरी ज्यांना कळायचे त्यांना कळते.

ऑड बॅच

माझा प्रश्न अवघड आहे, म्हणून वेगळ्या नावाने लिहितो. तिसऱ्या वर्षी एक विषय राहिल्यामुळे माझी आंतरवासिता सहा महिन्यांनी संपेल. ज्यांच्याबरोबर प्रवेश घेतला, एका खोलीत राहिलो, त्यांच्या समारंभात मला प्रेक्षक म्हणून बसावे लागणार आहे. ज्या बॅचबरोबर मी आता काम करतो, त्यांच्यापैकी निम्म्यांना मी नावानेही ओळखत नाही. आमच्या घरी अजून हे स्पष्टपणे सांगितलेले नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी समित्या काय करतात?

जुना घाटीकर

बाळा, पहिल्या प्रतिसादात मी जे लिहिले त्याचा खरा उपयोग इथे आहे. व्यासपीठावर मिळणारी सुरळी कायदेशीर कागद नाही, मग ती तुला देण्यात कोणाचे काय जाते? पत्रिकेवर बॅचचे प्रवेशवर्ष लिहावे आणि त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला व्यासपीठावर बोलवावे. आंतरवासिता कोणाची कधी संपते, याची नोंद विद्यार्थी विभागाकडे असते. ती समारंभात वाचून दाखवण्याची गरज नाही. अधिष्ठाते हरकत घेतील असे मला वाटत नाही, आणि घेतलीच तर पुकारताना पदवीचा शब्दही न काढता केवळ नावे घ्यावीत.

घरी मात्र समारंभापूर्वी सांग. वैद्यकीय शिक्षणात सहा महिने मागेपुढे होणे ही नित्याची बाब आहे, आणि आज नावाजलेल्या कित्येक शल्यचिकित्सकांच्या गुणपत्रिकेत तशी नोंद सापडेल.

पांढरा ॲप्रन

प्रमुख पाहुण्यांचा प्रश्न तसाच राहिला. आमच्याकडे लोकप्रतिनिधींना बोलावल्याशिवाय सभागृहाबाहेरचा रस्तासुद्धा दुरुस्त होत नाही, हे वास्तव नाकारून कसे चालेल?

बालाघाट

बोलवा, पण वेळ त्यांच्या सोयीची ठेवू नका. साडेनऊला कार्यक्रम सुरू होईल असे पत्रिकेत छापा आणि साडेनऊला सुरू करा. ते अकराला आले, तर अकराला त्यांचे स्वागत करा आणि पुढचे नाव पुकारा. दोन वर्षे असे केले की तिसऱ्या वर्षी सगळे वेळेवर येतात. माझ्या पसंतीचे पाहुणे विचाराल, तर एखाद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पंधरा-वीस वर्षे टिकून राहिलेल्या डॉक्टरांना बोलवावे. तुमच्यापैकी बहुतेकांना लवकरच एक वर्षाची बंधपत्रित (बाँडची) सेवा करायची आहे. ती टाळणारे थोडेच असतात. बाकीच्यांना रात्री दोन वाजता सर्पदंशाचा रुग्ण आला आणि वीज गेली तर काय करायचे, हे सांगणारा माणूस जास्त उपयोगी पडेल.

आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी घेत होत्या तेव्हा पंडिता रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम समुद्र ओलांडून गेल्या होत्या. प्रमुख पाहुणे कोण होते, हे मला तरी आठवत नाही.

शिवारातून

एक व्यवहाराची गोष्ट. समारंभाला आलेले पालक त्याच दिवशी मुलांचे वसतिगृहातले सामानही नेतात. गादी, कूलर, बादल्या आणि पुस्तकांची पोती घेऊन एसटीत चढता येत नाही. एकाच रस्त्यावरच्या पाच-सहा गावांनी मिळून एक टेम्पो ठरवला तर स्वस्त पडते. समितीने गावांची यादी भिंतीवर लावावी, बाकीचे आम्ही आपसांत पाहून घेऊ.

जुना घाटीकर

काकांच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. ना-देय प्रमाणपत्र, आंतरवासिता पूर्ण झाल्याचा दाखला, प्रवेशाच्या वेळी जमा केलेली मूळ कागदपत्रे, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, ही कामे समारंभाच्या आदल्या आठवड्यातच उरकावीत. समारंभाच्या दिवशी कार्यालयातील निम्मे कर्मचारी सभागृहात असतात आणि ग्रंथालयाचे एक पुस्तक सापडत नाही म्हणून बापाला दाराशी ताटकळत ठेवणारी मुले मी दरवर्षी पाहतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या कायम नोंदणीसाठी हीच कागदपत्रे लागणार आहेत, तेव्हा त्यांच्या प्रती काढूनच मूळ संच घरी पाठवावा.

गोदातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री समितीची बैठक झाली आणि पुढील गोष्टी नक्की झाल्या. कार्यक्रम सकाळी साडेनऊला सुरू होईल आणि ड्यूटीवर असलेल्यांची नावे आधी पुकारली जातील. पुढच्या चार रांगा पालकांसाठी राहतील. एका विद्यार्थ्याचे नाव जवळ आले की त्याच्या घरच्यांनी पुढे येऊन बसायचे आणि नंतर आपल्या जागी परतायचे, अशी फिरती व्यवस्था करणार आहोत, आणि ती सांभाळण्यासाठी दुसऱ्या वर्षाची वीस मुले स्वयंसेवक म्हणून मिळाली आहेत. छायाचित्रकार दोनच असतील आणि त्यांनी कडेला उभे राहायचे आहे. डबे आत नेण्यास मुभा राहील. पोशाखात खादीचे उत्तरीय ठरले असून गाऊन कोपऱ्यात उपलब्ध राहतील. औषध कंपनीचा प्रस्ताव आम्ही नाकारला; त्यावर मतदान घ्यावे लागले आणि निकाल अगदी काठावरचा होता. प्रवेशवर्षानुसार सर्वांना बोलावण्याला अधिष्ठात्यांनी संमती दिली आहे.

आता एकच पेच उरला आहे. आदल्या रात्री मुक्कामाला येणाऱ्या पालकांची संख्या शंभराच्या पुढे जाईल असे दिसते. मुलींच्या वसतिगृहात आयांची सोय होईल, परंतु वडिलांची सोय कुठे करावी?

वॉर्ड क्रमांक सात

रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांसाठी धर्मशाळा असेल तर तिथे विचारू नका. त्या जागा रुग्णांच्या माणसांनाच पुरत नाहीत. परीक्षाकक्ष रिकामा असतो, त्याला पंखे असतात आणि शेजारी स्वच्छतागृह असते. सतरंज्या आणि पाण्याचे जार मंडपवाला देतो. अधिष्ठात्यांच्या परवानगीच्या पत्रात सुरक्षारक्षकाचा उल्लेख अवश्य करा, नाहीतर रात्री दहानंतर तो कोणालाही आत सोडणार नाही.

शिवारातून

परीक्षाकक्ष चालेल. उकाडा असेल तर आम्ही बाहेर व्हरांड्यातही झोपू, फक्त सकाळी सहाच्या आत अंघोळीला पाणी असू द्या.